लॉकेटांपुरते केस

सुसाना : टोपी काढ गं आईची, डायसीमावशी. सोनार मघापासून खाली खोळंबलाय. केस हातात पडल्याशिवाय तो काही जायचा नाही.

डायसी : बसू दे त्याला. त्याला काहीतरी खायला पाठवते.

सुसाना : खायला का आलाय तो? राष्ट्राध्यक्षांची विधवा गेली म्हणून अर्धं व्हर्जिनिया लोटलंय खाली. दुपारी दफन झालं की माझा भाऊ अँब्रोज तसाच केंटकीच्या वाटेला लागणार. आणि गेलेल्या माणसाची आठवण म्हणून आईच्या केसांचं लॉकेट सगळ्यांनाच हवंय. त्याला, त्याच्या बायकोला, माझ्या मुलींना. मोठ्या काकू तर पहाटेपासून रडतायत, मला विसरू नका म्हणून.

डायसी : बाईंनी ही टोपी तुमच्यासमोर कधी काढली होती का, ताई? आठवून बघा.

सुसाना : आई टापटिपीची होती. टोपी घातल्याशिवाय खाली यायची नाही. म्हणून काय आता... सर. मीच काढते.

डायसी : थांबा. जरा बसा आधी.

सुसाना : बसायला वेळ कुणाला आहे? ... मावशी. मावशी, हे काय? केस कुठे गेले आईचे?

डायसी : हळू बोला. खाली माणसं आहेत.

सुसाना : या पुढच्या बटा टोपीलाच शिवल्यात?

डायसी : मीच शिवल्यात. मोठे साहेब राष्ट्राध्यक्ष असताना फिलाडेल्फियात तो ताप आला, त्यात गेले बाईंचे केस. तुमचा भाऊ नॅट गेला ना, त्याच तापात. बाई वाचल्या, पण रोज उशीवर ओंजळभर केस. पुढे आलेच नाहीत.

सुसाना : पण मला चांगलं आठवतंय. नॅट जाऊन महिना झाला नसेल, आई दिवाणखान्यात उभी होती. फ्रेंच राजदूताची बायको तिच्या केसांचं कौतुक करत होती.

डायसी : उभं राहावंच लागलं. राष्ट्राध्यक्षांची बायको वर रडत बसली तर लोक म्हणणार, सरकार खचलं. मोठे साहेबच म्हणाले तसं. पोटचं पोर मातीत, आणि बाई हसून पाहुण्यांना केक पुढे करतायत. वर आल्या की माझ्या मांडीत डोकं खुपसायच्या.

सुसाना : मग ते केस होते कुणाचे?

डायसी : माझ्या डोक्याला कायम फडकं असतं. आत काय आहे नि काय नाही, कोण बघतंय?

सुसाना : तुझे? अगं, पण रंग तर अगदी आईचा...

डायसी : रंग एकच होता. तुमच्या आजोबांचा.

सुसाना : हे बोलायचं नसतं, मावशी.

डायसी : कुठे बोलले? बाईंचं लग्न झालं तेव्हा आजोबांनी चांदीची भांडी दिली, घोड्यांची जोडी दिली आणि आंदणात मला दिलं. एका बापाच्या आम्ही दोघी, फक्त माझी आई त्यांची गुलाम. त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. दोघींनीही तोंडातून शब्द काढला नाही. केस मात्र हात धरून मागितले त्यांनी.

सुसाना : बाबांच्या लॉकेटात होते ते...

डायसी : माझेच. ते गेले तेव्हा लॉकेट त्यांच्या गळ्यात घातलं तेही मीच.

सुसाना : पण तुझे तर कधीचे पिकले. या बटांत एक पांढरा केस नाहीये.

डायसी : मिल्लीच्या आहेत. माझे पिकायला लागले तशी माझ्या लेकीवर पाळी आली. वेणी कमरेला टेकली की कापायची. पोर मुसमुसायची. बाईंना कसंतरी व्हायचं. याच खोलीत म्हणाल्या, ‘डायसी, मी असेन नसेन, मिल्ली तुझ्यापाशीच राहील.’ आणि काल अँब्रोजदादा म्हणतात, मिल्ली माझ्या वाट्याला आलीये, तिचं बोचकं बांधून ठेव.

सुसाना : आई यातलं काही बोलली नाही मला.

डायसी : म्हणून मी बोलतेय. तुम्हाला गोवर झाला तेव्हा माझं तान्हं दुसरीच्या ओटीत टाकून तुमच्या उशाशी बसले होते. त्याबद्दल कधी काही मागितलं नाही. आज मागते. भावाला सांगा तुमच्या. केंटकीला नेलेलं माणूस परत आलेलं मी तरी पाहिलं नाही.

सुसाना : अँब्रोज ऐकतो माझं. ही बघ, आत्ता जाते. तू तोवर टोपी नीट बसव.

(सुसाना खाली जाते. बऱ्याच वेळाने परत येते.)

डायसी : काय म्हणाले?

सुसाना : जरा पाणी दे.

डायसी : ताई, काय म्हणाले?

सुसाना : त्याच्या बायकोला दिवस गेलेत. नव्या मुलखात हाताशी शिकवलेली मुलगी हवी म्हणतो. आईचं सांगितलं, तर म्हणाला, आजारी माणूस काय वाटेल ते कबूल करतं.

डायसी : एवढंच?

सुसाना : एवढंच.

डायसी : लहानपणापासून बघतेय तुम्हाला. खोटं बोलताना ती अंगठी फिरवता.

सुसाना : ...म्हणाला, मिल्लीला ठेवून घे हवी तर. बदल्यात तुझी जूडिथ दे.

डायसी : मग?

सुसाना : जूडिथ माझ्या बाळाला पाजते, मावशी. माझ्या अंगावर दूध नाही. तिला दिली तर बाळाचं काय करू मी? तूच सांग.

डायसी : मी काय सांगणार? जूडिथचीही आई आहे. माझ्याच शेजारच्या खोपटात राहते.

सुसाना : अशी बघू नकोस माझ्याकडे. रड, शिव्या घाल, काहीतरी कर.

डायसी : सोनार थांबलाय ना?

सुसाना : तेच कसं विचारावं कळत नव्हतं. या बटा तर काढता येत नाहीत. पेटी उघडी ठेवायचीय, सगळे शेवटचं बघणार. आईची केवढी शोभा होईल. आणि सोनाराला रिकाम्या हाताने धाडलं तर उद्या तेच बोलणं. तू सांगणार नाहीस ना कुणाला?

डायसी : इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं? मिल्लीचे हवेत म्हणा की सरळ.

सुसाना : वाढतील गं तिचे परत.

डायसी : वाढतील. मी नसेन बघायला. अँब्रोजदादा तिचेच केस आई म्हणून गळ्यात घालतील आणि ती त्यांच्याच गाडीत मागे बसलेली असेल.

सुसाना : मी वाईट नाहीये, मावशी.

डायसी : बाईही नव्हत्या. त्या खणातली कात्री द्या, मोठी. मीच कापते. दुसऱ्या कुणाच्या हातात ती डोकं देत नाही.

सुसाना : काय सांगशील तिला?

डायसी : प्रवासात गुंता होईल म्हणेन. हाक मारा तिला. जिन्यातच बसलीये, बोचकं घेऊन.

सुसाना : सोनार म्हणत होता, एक जाड वेणी पुरे.

डायसी : वेणी सगळी देते त्याला. एक बट तेवढी माझ्यापाशी राहू द्या. माणूस गेलं की ठेवतात ना.