दक्षिणेचा व्हरांडा

न्यू लिनला बसच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं. त्याच्या काखेत नकाशांची गुंडाळी होती.

“सुयश, आर्किटेक्टला गाठलंस ना? प्लॅन काउन्सिलला गेला नाही ना?”

“नाही गं. उद्या जाणार होता. थांबवला.”

“हुश्श! ऑपरेशननंतर आपल्याकडे राहून सावरायला येणारी बारा माणसं, आणि आपण त्यांना हिवाळाभर सावलीतल्या व्हरांड्यात कुडकुडत बसवणार होतो.”

“लहानपणी आई आजारातून उठायला पाचगणीला होती ना, तिथला व्हरांडा दक्षिणेलाच होता. दिवसभर ऊन! तेच डोक्यात बसलेलं.”

“पाचगणीत रे! इथे विषुववृत्ताच्या खाली ऊन उत्तरेकडून येतं. बारा वर्षं झाली, तुझा सूर्य अजून तिकडचाच.”

“त्यात हिल्सबरोच्या उतारावरून समुद्र दिसतो तोही दक्षिणेला. आर्किटेक्टने विचारलं होतं, नक्की ना म्हणून.”

“मग?”

“म्हटलं, स्वीट अ‍ॅज, एकदम झकास.”

“धन्य आहेस! मग लक्षात कधी आलं?”

“काल आईला जागा दाखवायला नेलं. गुडघा नवा, म्हणून व्हरांड्याच्या जागी खुर्ची टाकून दिली. मी मापं घेऊन येतो, तर खुर्चीच नाही! बाईसाहेब वरच्या अंगाला, उत्तरेच्या कुंपणापाशी, उन्हात. शाल काढून. शेजारच्या गोऱ्या आजोबांकडून खुर्ची उचलवून घेतली होती.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘समुद्र बघायला येईन की चालत. आधी बरी तर होऊ दे.’”