वाचून समजले

साहेबांची बेल वाजली की मी दचकते, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या दचकण्यापायी एकदा काय करून बसले, ते ऐका.

आमच्या कचेरीत रामटेके काका फोनवर बसतात. त्यांना दिसत नाही, पण पावलांवरून माणूस ओळखतात. त्या दिवशी समान संधीचं परिपत्रक आलं होतं. मी स्वतःही न वाचता सगळ्यांच्या सह्या घेत काकांपाशी पोचले.

"काय लिहून आहे बाई यात?"

तेवढ्यात बेल वाजली. "काही नाही काका, नेहमीचंच," म्हणत मी त्यांचं बोट रकान्यावर ठेवलं. त्यांनी सही केली.

महिन्याभरानं काका साहेबांकडे गेले. "तुमसरच्या कचेरीतल्या ऑपरेटरले बोलणारा कम्प्युटर भेटला म्हणते साहेब. मले काहून नाही?"

साहेबांनी मला फाईल आणायला लावली. दिव्यांग कर्मचाऱ्यांनी लागणाऱ्या साधनांची मागणी आठ दिवसांत नोंदवावी, असं त्या परिपत्रकात होतं. काकांची सही ज्या रकान्यात होती, त्याच्यावर छापलं होतं, 'वाचून समजले'.

"सही तर तुमचीच आहे, रामटेके."

मी तिथंच उभी होते. काकांनी मान माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "हो साहेब, माझीच आहे."

पुढचं परिपत्रक घेऊन गेले, तेव्हा काकांनी पेन खिशात ठेवला.

"बसा बाई. अगोदर पुरं वाचा. बेल वाजली तर वाजू द्या."