दुसऱ्या सर्व्हरवरचा गणपती

हसू नका रे, लोड बॅलन्सिंग म्हटलं की मला अजून घाम फुटतो. नारायण पेठेत एका सीएंचं ऑफिस आहे. सगळा स्टाफ एकाच सर्व्हरवर लॉगिन करायचा, म्हणून मी दुसरा जोडला. माणसं पाळीपाळीने दोन्हीकडे जातील अशी सोय केली, तेच लोड बॅलन्सिंग. रिटर्न भरायचा शेवटचा दिवस उजाडला, तर जुना सर्व्हर धापा टाकतोय आणि नवा रिकामा! सीए माझ्या मागे उभे.

“अहो, हा बंद पडला तर?”

शेवटी हेडक्लार्क गोखलेबाईंना विचारलं, नव्यावर कुणी का थांबत नाही?

“नव्यावर आमचा गणपती दिसत नाही. त्याला नमस्कार केल्याशिवाय आम्ही कामाला लागत नाही. तो दिसेपर्यंत लॉगआउट करून परत येतो.”

जुन्याच्या स्क्रीनवर खरंच गणपतीचं चित्र होतं. मी घाईघाईने नेटवरून एक उतरवलं, नव्यावर लावलं. “आता या!”

बाईंनी चष्मा सावरून पाहिलं. जागचं कुणी हललं नाही.

“अहो, हा उजव्या सोंडेचा. याचं सोवळं फार कडक असतं. कोण पाळणार, तुमचा सर्व्हर?”