सुमनची ओळ

आम्ही मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत लागले म्हणून लालबागला आलो, मीही गिरणीतच जायचो, पण साच्यांचा, म्हणजे कापडाच्या मागांचा खडखडाट मला सोसेना, डोकं भणभणायचं, म्हणून एका संगीतकाराकडे लागलो, मास्तर म्हणायचे सगळे त्यांना. आवाज नको म्हणून पळालो आणि पडलो कुठे, तर ढोलकी-पेटीवाल्यांत, काय सांगू तुम्हाला. माझं काम डबे पोचवायचं. गाणं तेव्हा फिल्मवर भरायचे, सिनेमाची असते तसलीच फिल्म, फक्त तिच्यावर चित्र नाही, आवाज. रेकॉर्डिंग झालं की ती काळ्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, वरून चिकटपट्टी, मग दादरला लॅबोरेटरीत धुवायला, मग तिची कॉपी शूटिंगवाल्यांना, त्यावर नटी ओठ हलवणार. धुवायच्या आधी डब्याला उजेड लागला की संपलं, गाणं गेलं. म्हणून मी डबा खाली ठेवायचो नाही, चहासुद्धा तो बगलेत धरून.

सुमन, माझी बायको, कोरसमध्ये गायची. दहा बायकांत तिचा आवाज मलाच तेवढा ओळखू यायचा. तर मास्तरांनी एका मराठी सिनेमात तिला एक ओळ दिली, एकटीला, आणि अशी वर चढत जाणारी ओळ ती, की ऐकताना आपलाच श्वास अडकावा. पाणी भरताना तीच, भाकऱ्या थापताना तीच, शेजारी वैतागले, मी नाही वैतागलो. रेकॉर्डिंग झकास झालं, आणि दुसऱ्या दिवशी मुंबई बंद. संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ. मीही त्यातलाच हो, आमच्या चाळीत कोण नव्हतं? पण मास्तर म्हणाले सेट उभा आहे, डबा पोचलाच पाहिजे. ट्राम नाही, बस नाही, ताडदेवच्या स्टुडिओतून चालत निघालो, आपल्या माणसांतून जाऊ म्हणून लालबागवरनं, आणि आपल्याच माणसांनी अडवलं.

दत्तू परब, आमच्याच मजल्यावरचा. खंय चाललंस रे गणपत, हरताळ आसा ना, डब्यात काय? म्हटलं गाणं. सगळे हसले. वाजवून दाखव म्हणाले. अरे, धुतल्याशिवाय कसं वाजणार? धुणार? गाणं धुणार? परत हसले. तेवढ्यात मागचा एक भडकला, हा सिनेमावाल्यांचा माणूस, आज कामं चालू ठेवतोय, उघड, आणि पट्टीला नख घातलं त्यानं. सुमन होती हो त्या डब्यात. मी काय करणार होतो? डबा छातीशी धरला आणि भर रस्त्यात गायला लागलो. अख्खं गाणं. सुमनची ओळ आली, माझा गळा कसला चढतोय, मी ती खालीच घेतली, कशीबशी ओढली. पण पट्टीवरचं नख निघालं. दत्तू म्हणाला जाऊ दे त्याला, आणि मला म्हणाला, परत एकदा म्हण. परत म्हटलं. त्यांच्यात भजनी मंडळाचा ढोलकीवाला होता, त्याची बोटं चालायला लागली.

डबा पोचला, शाबूत. पण चाल रस्त्यावर राहिली ना! आठवड्याभरात प्रभातफेरीत तीच चाल, शब्द मात्र मुंबई आमची, मुंबई आमची. परळला तीच, दादरला तीच. निर्मात्यानं ऐकली आणि हबकला, हे गाणं घातलं तर सरकारच्या डोळ्यावर येऊ, सेन्सॉर कापेल. मास्तरांना सगळं सांगितलं होतं मी, ते भांडले त्याच्याशी, पण गाणं काढलंच. फिल्म पुढे कुठे गेली, कुणी भंगारात घातली, देव जाणे. फार शोधली मी.

सुमन सिनेमासाठी नाही रडली. फेरी आमच्या गॅलरीखालनं गेली, तिनं ऐकलं आणि माझ्याकडे वळली, अहो, माझी ओळ अशी होती? हे काय शिकवलंत लोकांना? शेकडो माणसं माझी खालची ओळ म्हणत होती, आणि ती एकटी गॅलरीतून वरची म्हणत होती, ढोलकीत कुणाला ऐकू जाणार?

ती जाऊन वर्ष झालं. घरात बसवत नाही मला, हिंदमाता टॉकीजपर्यंत जातो, परत येतो, परत जातो. म्हातारे दिसतात, गुणगुणतात, ती खालचीच. खरी एकट्या माझ्या कानात आहे आता, गळ्यात नाही. तुम्ही म्हणता दाखवा गाऊन. नको बाबा. पुन्हा चुकीचीच पसरेल. एवढंच लिहा, ती वर जायची. लिहा, आणि सुखी राहा.