कोपऱ्यापुरतं

(टोकावड्याचा एसटी थांबा, उन्हाळ्यातली सकाळ. शेतकरी कमळू आणि त्याची बायको रंभा दवाखान्यात भरती व्हायला निघाली आहेत. मुरबाडची गाडी अजून यायची आहे.)

कमळू: भाताच्या राबाचं काय ते सांग आदी. राब भाजल्याबिगर मी नाय हलायचा.

रंभा: ही दवाखान्याची तिसरी तारीख. पयल्या तारखेला भाचीची हळद निघाली, दुसरीला म्हस व्यायली.

कमळू: ती काय मला इचारून व्यायली?

रंभा: डॉक्टरनी बजावलंय, कॅन्सर प्रोस्टेटच्या आत हाय तवर काम सोपं. बाहेर पडला तर...

कमळू: हळू बोल गो. शेजारची धोंडीबाई बसलीय तिकडं. तिला मुतखडा सांगितलाय.

रंभा: म्हणून तर चार दिस तिचा पानफुटीचा काढा पिताय.

कमळू: समोर उभी ऱ्हाऊन पाजते ती.

रंभा: खोटं बोललात, प्या आता.

कमळू: आणि हे गोठवायचं काय काढलंय डॉक्टरनी? बर्फात मासळी ठेवतात. माणूस ठेवल्याचं ऐकलंयस कदी?

रंभा: तुमाला पेटीत नाय घालायचं. रोग ज्या कोपऱ्यात हाय तेवढाच सुयांनी गोठवायचा. आपल्या लेकीनं, पल्लवीनं डॉक्टरला तुमच्यासमोर दोनदा इचारलं.

कमळू: आणि लघवीची वाटच गोठली तर? जल्मभर पिशवी बांधून हिंडू?

रंभा: वाटेत नळी घालून गरम पाणी फिरवतात. वाट नाय गोठत.

कमळू: बोलतात तसं.

रंभा: अवो, राब भाजताना तुमी सगळं शेत पेटवता?

कमळू: येडी का तू? रोप टाकायचं तेवढीच जागा. पालापाचोळा पसरायचा, वारा बघून काडी लावायची, कडेला पाणी मारून ओली डहाळी घेऊन उभं ऱ्हायचं.

रंभा: मंग डॉक्टर येगळं काय करतो?

कमळू: मी चाळीस वर्सं करतोय. त्यानं किती केलेत?

रंभा: शंभराच्या वर. तुमी परत लघवीला गेलता तवा इचारलं मी. हात बी बघून घेतला त्याचा. थरथरत नाय.

कमळू: डॉक्टरचा हात बघितलास?

रंभा: नवरा द्यायचा त्याच्या हातात. बघायला नको?

कमळू: ते असू दे. पण राब माज्याबिगर कुणाला जमत नाय. मागं पुतण्यानं, भिमानं भाजला, तर शेजारचा पेंढा गेला.

रंभा: काल तुमी तपासणीचं रक्त द्यायला तालुक्याला गेलता ना?

कमळू: गेलतो. मंग?

रंभा: भाजला मी.

कमळू: कोणाला घेऊन?

रंभा: एकटीनं. कडेच्या आंब्याचं पान करपलं नाय.

कमळू: वारा कुठला व्हता?

रंभा: सिद्धगडाकडचा. उलट्या बाजूनं लावला. हळूहळू जळत गेला.

कमळू: ...बरोबर केलंस.

रंभा: ती बघा गाडी. पिशवी द्या इकडं.

कमळू: रंभे, मला भ्या वाटतंय गो.

रंभा: मला बी. काल काडी ओढताना माजा हात थरथरत व्हता.

कमळू: सगळा भाजलास?

रंभा: नाय. बांधाकडचा कोपरा ठेवलाय. तो तुमी येऊन भाजा.