मालगाडीचा शेवटचा डबा

सांगलीच्या एसटीत पुढच्या सीटवर सासरे-जावई भांडायला लागले, तसे शिवतेजनं कानातले हेडफोन गुपचूप काढले. जावयाच्या मांडीवर मालगाडीच्या गार्डाच्या डब्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं.

"पावनं, दिवा चुकलाय. वर पायजे."

"काल तुमीच खाली घ्यायला लावला, मामा!"

"आन् रंग लय नवा दिसतोय."

"मामा, दुपारी स्पर्धा हाय!"

"मग? जल्मभर गार्ड हुतो मी. चूक चालायची न्हाई."

"हा गार्ड तरी जमलाय का? हुबेहूब तुमी. उभा, हातात झेंडी."

"ह्यो मातर बरोबर."

खिडकीशी बसलेल्या सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या.

"उभा कशाला? जेवण घेऊन मी यायची, तवा ह्ये कवा उभे दिसले न्हाईत. आडवा करा त्याला. आन् तोंड उघडं ठेवा."

जावयानं गोंदाची बाटली उघडली.