काठीवरचा चतुर

मी कधी आवाज चढवत नाही असं तुम्ही म्हणता, पण रंकाळ्यावर एकदा मी चक्क एका पैलवानावर ओरडलोय.

शाळा सोडून दुकानात लागलो, त्या वर्षीची गोष्ट. सुट्टीच्या सकाळी मी तळ्याकाठच्या लव्हाळ्यात दबून चतुर आणि टाचण्या हे पाण्यावर उडणारे किडे ओळखत बसायचो. समोरच बायका धुणं धुवायच्या, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शेजारी म्हशी धुणाऱ्या पैलवानाच्या मात्र आलं. एक दिवस त्यानं मागून माझी मानगूट धरली.

"काय बघतोयस रं बायकांकडं?"

"बायकांकडं न्हाय. टाचणी बघतोय. पाण्यावर उडती ती."

"किडं बघाय कोण येतंय? दाखव की मग!"

दाखवणार काय? त्याच्या आरडाओरड्यानं सगळे उडून गेले होते. बायका धुणं टाकून बघायला लागल्या. त्यांत आमच्या गल्लीतल्या काकू होत्या. म्हणजे मार तर बसणारच, वर दुपारच्या आत आईच्या कानावरही जाणार. पैलवानानं मानगूट सोडून म्हशींची काठी उगारली आणि त्याच क्षणी तिच्या टोकावर एक लालभडक चतुर येऊन बसला.

"हलू नका!" मी ओरडलो.

पैलवान होता तसा थांबला. मी काठीजवळ गेलो.

"पंख पसरून बसलाय बघा, म्हंजे ह्यो चतुर. टाचणी पंख मिटून बसती."

तो वर बघत राहिला. चतुर काही उठेना. बायका हसायला लागल्या. शेवटी मान न हलवता तो हळूच म्हणाला,

"पावणं, हात अवघडला. आता ह्यांस्नी उठा म्हणा की."